पूमसेमध्ये हात आणि किकचा तोल: या चुका टाळा

पांढऱ्या पट्ट्याचा मुलगा तायक्वांदोचा पहिला पूमसे (ब्लॉक, पंच आणि किकची ठरलेली मालिका), म्हणजे तेगुक इल जांग, शिकून घरी करून दाखवतो, तेव्हा आईवडिलांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, "सर, यात किक कुठे आहेत?" प्रश्न रास्त आहे. मुलाला तायक्वांदोला घातलं ते लाथा बघून, आणि पहिल्याच पूमसेत ९ ब्लॉक, ९ पंच आणि किक फक्त २. त्याही साध्या आप चागी, म्हणजे समोरच्या किक. दुसऱ्या, म्हणजे ई जांगमध्ये किकची संख्या ५ होते, तिसऱ्या सम जांगमध्ये ६. चौथ्या सा जांगमध्ये ४ आप चागीच्या जोडीला २ योप चागी, म्हणजे बाजूच्या किक येतात. तरीही हातांचं पारडं जडच राहतं. ब्लॅक बेल्टनंतर येणाऱ्या कुमगांगमध्ये तर एकही किक नाही.

याचं कारण इतिहासात आहे. १९४० च्या दशकात कोरियात जे क्वान, म्हणजे प्रशिक्षणाच्या शाळा, सुरू झाले, त्यांतल्या काहींचे संस्थापक जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते. चुंग दो क्वान काढणारे ली वॉन-कुक हे शोतोकान ही कराटेची शैली शिकलेले. कराटेच्या कातांमध्ये, म्हणजे तिथल्या ठरलेल्या मालिकांमध्ये, हाताचं काम जास्त आणि पायाचं कमी. तायक्वांदो हे नाव १९५५ मध्ये ठरलं, पालग्वे ही पूमसेची आधीची मालिका १९६७ मध्ये आली, इल ते पाल अशा आठ जांगांची तेगुक मालिका १९७२ मध्ये. रचना कोरियन झाल्या, पण हातावर भर देणारा जुना सांगाडा टिकला. क्योरुगी, म्हणजे सामन्यातली लढत, मात्र पायांकडे वळत गेली. आजच्या गुणपद्धतीत धडावरच्या पंचाला १ गुण, धडावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३ आणि वळून मारलेल्या किकला आणखी जास्त. मग पोरं किकच मारणार, त्यांचं काय चुकलं?

अडचण अशी की क्योरुगीची ही सवय तशीच पूमसेत येते. वर्ल्ड तायक्वांदोच्या पूमसे स्पर्धेत १० पैकी ४ गुण अचूकतेला आणि ६ सादरीकरणाला असतात. अचूकतेत लहान चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ कापले जातात. इल जांगमध्ये हाताच्या १८ क्रिया आहेत. प्रत्येकीत मनगट वाकडं, मूठ कमरेच्या खाली, असं काही ना काही राहिलं तर दोन किक कितीही देखण्या असल्या तरी ते गुण परत येत नाहीत. पण हात वेगळे घोटून आणि किक वेगळ्या घोटूनही भागत नाही. माझ्या मते पूमसे बिघडतो तो सांध्यावर: हात संपून किक सुरू होते तिथे, आणि त्याहून जास्त, किक संपून हात सुरू होतो तिथे. खालच्या बहुतेक चुका त्याच सांध्याभोवतीच्या आहेत.

हात म्हणजे किकपर्यंत पोचण्याची वाट

ही चूक लांबून ओळखता येते. खेळाडू आरे माक्की, म्हणजे खालचा ब्लॉक, उरकल्यासारखा करतो, पंच अर्धवट सोडतो, आणि किक आली की अंगात एकदम वीज येते. किक झाली की पुन्हा मरगळ. कडेला उभ्या असलेल्या मास्टरला तेव्हा पूमसे दिसत नाही, मधेमधे हात हलवत मारलेल्या किक दिसतात.

नेमकं तपासायचं असेल तर पंच मारणाऱ्या हाताकडे बघू नका, मागे येणाऱ्या हाताकडे बघा. ती मूठ कमरेवर पट्ट्याच्या उंचीला, तळवा वर करून, कोपर मागे घट्ट, अशी येऊन थांबते का? ज्याचं लक्ष किककडे लागलेलं असतं त्याची ही मूठ पोटाजवळ कुठेतरी लटकते किंवा बरगडीवर चढते. पुढचा पंच मोठ्यातला मोठा माणूस मारतोय असा दिसला तरी मागचा हात खरं सांगतो.

दुसरी खूण उंचीची. मोमतोंग जिरुगी, म्हणजे धडावरचा पंच, आपल्या छातीखालच्या खळग्याच्या उंचीला जायला हवा. ओल्गुल जिरुगी, म्हणजे चेहऱ्यावरचा पंच, ओठ आणि नाकाच्या मधल्या भागाच्या उंचीला. ई जांगमध्ये पहिल्या दोन किकनंतरचे पंच ओल्गुल आहेत आणि शेवटच्या तीन किकनंतरचे मोमतोंग. कितीतरी मुलं हे पाचही पंच एकाच उंचीला मारतात. त्यांच्या दृष्टीने तो फक्त "किकनंतरचा पंच" असतो.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. आठवड्यातून एकदा पूर्ण पूमसे किक वगळून करा. किकच्या जागी नुसतं पाऊल टाका, पवित्रा घ्या, हात पूर्ण करा. मग एकदा जुचुम सोगीत, म्हणजे घोडा पवित्र्यात, जागेवर उभं राहून फक्त हात क्रमाने करा. दुसऱ्या प्रकारात बऱ्याच जणांना मधेच क्रम आठवेनासा होतो. त्यांना हात पाठ नव्हतेच, पायांच्या आधाराने ते पुढे सरकत होते. हे ग्रेडिंगच्या, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेच्या, आधी कळलेलं बरं.

किक मारताना हात बेवारस सोडणं

आप चागी सुरू होताच दोन्ही हात मांडीकडे खाली पडणं, किंवा एक हात पुढे आणि एक मागे झोकणं. शरीराला तोल हवा असतो, म्हणून हात मदतीला धावतात. पोटाचे आणि मांडीच्या वरच्या भागाचे स्नायू कमी पडले की ही मदत वाढते.

हात छातीसमोर, मुठी बंद, कोपरं बरगड्यांजवळ असे राहायला हवेत. किकच्या वेळी हात मोठा झोका घेऊन खाली गेले तर पुढचा ब्लॉक किंवा पंच त्या खालच्या जागेवरून सुरू करावा लागतो. मग तो उशिरा पोचतो, नाहीतर अर्ध्यातून कापलेला दिसतो. म्हणजे किकमध्ये सुटलेला हात किकचे गुण घालवतोच, पुढच्या हाताचेही घालवतो.

यासाठी पट्टा कमरेचा सोडून दुमडा, दोन्ही मुठींत एकेक टोक धरून छातीसमोर ताणलेला ठेवा आणि सावकाश आप चागी मारा. पट्टा ढिला पडला की हात हलले. भिंतीला एक हात टेकून किकचा सराव करणाऱ्यांनी हे जास्त करावं. भिंतीचा आधार मांडी मोकळी करायला चांगला, पण त्याने हातांना चुकीची सवय लागते.

किकनंतरचं पाऊल: सगळ्यात महाग चूक

इल जांगमधली पहिली किक घेऊ. डावा पाय पुढे आप सोगीत, म्हणजे चालताना थांबल्यासारख्या छोट्या पवित्र्यात. डावा हात कपाळासमोर ओल्गुल माक्कीत, म्हणजे वरच्या ब्लॉकमध्ये. आता उजव्या पायाने आप चागी, तो पाय पुढे टेकवून पुन्हा आप सोगी, आणि उजव्या हाताने मोमतोंग जिरुगी. सांगायला तीन गोष्टी, करायला सहा: गुडघा वर, पाय सरळ, पाय परत गुडघ्यापाशी दुमडलेला, पाऊल खाली, पवित्रा, पंच. यातली तिसरी गोष्ट गाळली जाते. पाय सरळ झाला की तो तसाच जमिनीकडे पडू दिला जातो. वजन आधीच पुढे गेलेलं असतं, पाऊल जिथे पडेल तिथे पडतं, आणि पवित्रा आप सोगीच्या जागी लांब, आप कुबीसारखा होतो. परीक्षकाला तिथे दुसराच पवित्रा दिसतो, आणि ती ०.१ ची बाब राहत नाही.

ई जांगमध्ये हीच गोष्ट परीक्षा घेतल्यासारखी समोर येते. पहिल्या दोन किकनंतर आप कुबी, म्हणजे पुढचा गुडघा वाकलेला लांब पवित्रा, आणि ओल्गुल पंच. शेवटच्या तीन किकनंतर आप सोगी आणि मोमतोंग पंच. किक तीच, फक्त पाऊल टेकवायची जागा वेगळी. ज्याला पाय परत दुमडता येतो त्याला हे अंतर निवडता येतं. ज्याचा पाय पडतो, त्याच्या पाचही पवित्र्यांची लांबी सारखीच निघते, आणि बहुतेक वेळा ती दोन्हीपैकी कशातच बसत नाही.

सा जांगमधली परत येणारी किक आणखी अवघड. द्वित कुबीत, म्हणजे बरंचसं वजन मागच्या पायावर आणि दोन्ही पावलं काटकोनात असलेल्या पवित्र्यात, बाहेरचा ब्लॉक करून उजव्या पायाने आप चागी. मग तोच पाय पुन्हा मूळ जागी मागे, आणि मोमतोंग आन माक्की, म्हणजे आतला ब्लॉक. इथे पाय पुढे पडू देण्याची सोयच नाही. तरीही मुलं काय करतात? किक मारतात, पाय मागे भिरकावतात, तो मूळ जागेपेक्षा आत किंवा बाहेर पडतो, आणि काटकोन मोडतो. मागचं पाऊल तिरकं झालं की कंबर फिरते, कंबर फिरली की आतला ब्लॉक छातीच्या मध्याला थांबत नाही, पलीकडे जातो. खेळाडूला वाटतं हात चुकला. तो पुढचे आठ दिवस ब्लॉक घोटत बसतो. चूक पावलात होती.

पाऊल बिघडलंय हे कळलं, पण नेमकं कुठे, ते असं शोधा.

पवित्रा नेहमी लांब पडत असेल तर पाय दुमडला जात नाही. किकचं टोक गाठल्यावर गुडघा पुन्हा दुमडून दोन अंक थांबा, मग पाय खाली ठेवा. दोन अंक उभं राहता येत नसेल तर किकची उंची कमी करा, थांबणं सोडू नका. जमिनीवर पवित्रा संपायला हवा तिथे खडूची रेघ किंवा चप्पल ठेवा. रेघ ओलांडली की पुन्हा.

पवित्रा घेतल्यावर अंग डावी-उजवीकडे डोलत असेल तर आप कुबीतली दोन्ही पावलं दोरीवर चालल्यासारखी एका रेषेत आली आहेत का ते बघा. तिथे थोडी रुंदी हवी.

मागची टाच उचललेली राहत असेल तर दोन कारणं संभवतात. एक तर पवित्रा तुमच्या खुब्यांच्या लवचिकतेपेक्षा लांब झाला. नाहीतर किकच्या वेळी आधाराचा पाय चवड्यावर चढला होता आणि तो खाली यायला विसरला. पहिल्याला पवित्रा आखूड करा. दुसऱ्याला सावकाश किक, आणि आधाराची टाच जमिनीला लागलेली राहते यावर लक्ष.

मागच्या पायाची बोटं बाहेर, जवळजवळ आडवी वळलेली असतील तर आधाराचं पाऊल किक मारताना बाहेर फिरलं आणि तसंच राहिलं. आप कुबीत मागचं पाऊल साधारण ३० अंशांत हवं. पवित्रा घेतल्यानंतर पाऊल हळूच सरकवून दुरुस्त करू नका. ती सरकवण्याची हालचाल परीक्षकाला स्वच्छ दिसते. चूक तशीच राहू द्या आणि पुढचं नीट करा, सरावात मात्र मुळापासून बदला.

आता हाताची वेळ. पाऊल टेकणं आणि पंच पूर्ण होणं एकाच क्षणी व्हायला हवं. पाय पडणारे खेळाडू आधी धप्पकन पाऊल टाकतात, मग सावरतात, मग पंच मारतात. काही जण उलटं करतात: पाय हवेत असतानाच पंच पूर्ण होतो आणि पाऊल मागाहून येतं, तेव्हा पंचामागे जमीनच नसते. सम जांगच्या शेवटी हे अधिक कठीण होतं, कारण तिथे किक, मग टेकताना आरे माक्की, आणि त्याच पवित्र्यात लगेच पंच असा क्रम आहे. ब्लॉक पावलाबरोबर, पंच ब्लॉकनंतर. बरेच जण ब्लॉक गिळून टाकतात आणि पावलाबरोबर पंचच मारतात. आवाजावरून तपासा. डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशाच्या, बाहीचा फटकारा आणि पावलाचा आवाज एकत्र आला तर वेळ जमली. बाही अगदी मऊ झालेली असेल तर आवाज येणार नाही. तेव्हा कोणालातरी बाजूला उभं करून बघायला सांगा.

उंचीचा हव्यास

पूमसे स्पर्धेत उंच आणि सरळ किक डोळ्यांत भरते आणि सादरीकरणात तिचा फायदा होतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पूमसेत, कोऱ्योमध्ये, एकाच पायाने सलग दोन योप चागी आहेत, आधी खाली गुडघ्याच्या उंचीला आणि लगेच वर. वरिष्ठ गटात तिथे ज्याचा पाय कानाच्या वर जातो त्याच्याकडे सगळे बघतात. पण गावोगावच्या ग्रेडिंगला काय होतं ते बघा. आठवी-नववीतली मुलं इल जांगच्या आप चागीलाच डोक्यावर पाय नेतात. कंबर पुढे ढकलली जाते, पाठ मागे झुकते, आधाराचा गुडघा वाकतो, हात पसरतात. किक उंच जाते खरी. मग पुढचा पंच मागे झुकलेल्या अंगातून निघतो आणि त्यात काहीच दम उरत नाही.

माझा नियम असा: जितक्या उंचीवर पाय दुमडून दोन अंक थांबता येतं, तितकीच तुमची पूमसेतली उंची. त्यापेक्षा वर जायचं असेल तर ते स्ट्रेचिंगच्या वेळी आणि पॅडवर. परीक्षेच्या आठवड्यात तर मुळीच नाही.

कोऱ्योच्या दुहेरी योप चागीतली चूक वेगळी आहे. पहिल्या किकनंतर गुडघा खाली येतो आणि दुसरी किक जणू नव्याने सुरू होते. गुडघा वरच दुमडलेला राहायला हवा, पाऊल फक्त खालून वर जातं. आणि दुसरी किक संपली की हाताने लगेच सोन्नाल, म्हणजे हाताच्या कडेचा बाहेरचा वार आहे. उंचीत सगळी ताकद गेली की तो वार हवेत बोट दाखवल्यासारखा होतो. मी तर म्हणेन, कोऱ्यो शिकणाऱ्याने आधी दुसरी किक कमरेच्या उंचीला मारून पुढचा वार नीट करावा, मग उंची वाढवावी.

हात आणि पाय एकाच वेळी

पाचव्या, म्हणजे ओ जांगमध्ये दोनदा अशी जागा येते की योप चागी आणि त्याच बाजूला पंच एकत्र जातात. लगेच पाय आप कुबीत टेकतो आणि कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यावर लागतं. एकत्र याचा अर्थ एकत्रच. सर्वसाधारणपणे पाय आधी पोचतो आणि हात मागून, उसना आणल्यासारखा. हात आधी सोडला तर योप चागीसाठी कंबर उलटी फिरते आणि पाय अडकतो. दोन्ही छातीजवळ गोळा करून एकाच दमात बाहेर सोडावे लागतात. आरशासमोर, भिंतीला हात न लावता, हळू. इथे घाई केली की ओ जांग कितीही वर्षं केला तरी जमत नाही.

सातव्या, म्हणजे चिल जांगमधली प्योजोक चागी अजून मजेची. पाय आतल्या बाजूने वळवून आपल्याच समोर धरलेल्या तळव्यावर मारायचा असतो. मुलं पाय वर आणतात आणि मग तळवा पायाकडे नेऊन टाळी वाजवतात. आवाज मोठा येतो, आईवडील खूश होतात. तळवा लक्ष्य आहे, तो जागेवर स्थिर हवा, पायाने त्याच्यापर्यंत पोचायला हवं. पोचत नसेल तर पहिल्यांदा तळवा थोडा खाली धरा, पण हलवू नका. मग पाय जुचुम सोगीत टेकतो आणि कोपर त्याच तळव्यावर लागतं. हात पायाच्या मागे धावलेला असेल तर कोपराला लक्ष्यच सापडत नाही, आणि ते शोधण्यात पवित्राही तुटतो.

आठव्या, म्हणजे पाल जांगच्या उडी मारून करायच्या किकबद्दल एकच सांगतो: उडी संपल्यावर आन माक्की आणि सलग दोन पंच आहेत. उडी संपल्या क्षणी अंग विश्रांती घ्यायला बघतं. तिथेच तीन हात शिल्लक असतात.

सगळं एकाच वेगात

काही जण हात नीट करतात, किक नीट करतात, पण सगळं रेल्वेच्या डब्यांसारखं सारख्या अंतरावर. सादरीकरणातल्या ६ गुणांत गती आणि ताकद, ताल, आणि अंगातली ऊर्जा दिसणं असे प्रत्येकी २ गुणांचे भाग आहेत. म्हणजे एकट्या तालाला अचूकतेच्या निम्मे गुण आहेत.

किक आणि पुढचा हात यांच्यात दम घेऊ नका, तो हात पूर्ण झाल्यावर घ्या. आप चागी, पाऊल, पंच हे एका श्वासात. मग थोडी शांतता. मग वळणं. याउलट सहाव्या, म्हणजे युक जांगमधला आरे हेच्यो माक्की सावकाश करायचा असतो, दोन्ही हात हळूहळू खाली जातात. नेमका तो आधीच्या घाईत चिरडला जातो. तिथे घाई करणाऱ्याला मी नेहमी सांगतो, तुझ्यामागे कोणी लागलेलं नाही. इल जांगच्या शेवटच्या पंचाला खणखणीत किहाप, म्हणजे आरोळी, द्यायचा असतो. तो विसरणं ०.१ वर भागत नाही.

डावा पाय पाहुणा

तेगुक मालिका दोन्ही बाजूंना सारखी मांडलेली असते, त्यामुळे उजव्या पायाची किक झाली की बहुतेकदा डाव्याची येते. उजवखोऱ्या मुलाची डावी किक खाली आणि पुढचा पंच वर असं दिसतं. डाव्या किकने सुरुवात करून सराव करा आणि उजवीपेक्षा दोन वेळा जास्त करा. यात फार काही सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्याच संघटनेचा पूमसे शिकणं

मोबाइलवर बघून सराव करणारी मुलं ही चूक करतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) या वेगळ्या संघटनेच्या परंपरेत चॉन-जी हा पहिला नमुना १९ हालचालींचा आहे आणि त्यात किक नाही. दुसऱ्या दान-गुनमध्ये २१ हालचाली, तिथेही नाही. पहिली किक तिसऱ्यात, दो-सानमध्ये. त्यांची उठबस, अंगाची लय, ब्लॉकची सुरुवात वेगळी असते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आयटीएफचा व्हिडिओ बघून इल जांगचे हात "सुधारले" की ग्रेडिंगला कोणालाच तो तेगुक वाटत नाही. व्हिडिओ बघायचाच असेल तर कुक्किवॉनचा बघा आणि तोही अलीकडचा. सोलमधलं कुक्किवॉन हेच तेगुकच्या तांत्रिक मापांचं मूळ ठिकाण आहे, आणि हातांची सुरुवात, मुठींची अंतरं अशा बारीक गोष्टी तिथे काळानुसार बदलतात. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या दादाने सांगितलेलं आणि आजच्या परीक्षकाला हवं असलेलं यांत फरक पडू शकतो. तुमचे सर सांगतील ते शेवटचं.

सरावाचा वेळ कुठे जातो

क्लासच्या तासात वॉर्मअप, स्ट्रेचिंग, पॅडवर किक, थोडी स्पॅरिंग, आणि शेवटी घाम आलेल्या, थकलेल्या अंगाने पूमसे. बऱ्याच ठिकाणी वेळापत्रक असंच असतं. थकलेल्या खांद्यांनी हात नीट होत नाहीत आणि मुलांना तेच हात बरोबर वाटायला लागतात. आठवड्यातून निदान एका तासाला पूमसे आधी ठेवा, पॅड नंतर.

घरी करणाऱ्यांसाठी एक छोटी पद्धत. मोबाइल गुडघ्याच्या उंचीला बाजूने ठेवून पूमसेचं चित्रण करा. पहिल्यांदा बघताना फक्त हात बघा, पाय बघूच नका. दुसऱ्यांदा फक्त मागचं पाऊल. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पूर्ण. एकाच वेळी सगळं बघणाऱ्याला फक्त स्वतःची किक दिसते.

आणि हो, जमिनीचा विचार करा. सोसायटीच्या गच्चीवर किंवा शहाबादी फरशीवर पाय सहज घसरून फिरतो. हॉलमधल्या रबरी मॅटवर तोच पाय अडकतो, वळताना गुडघ्याला पीळ बसतो आणि किकनंतरचं पाऊल अर्धं फूट मागे राहतं. घरी फरशीवर शिकलेला युक जांग मॅटवर करताना दोल्ल्यो चागीनंतरचं, म्हणजे गोल फिरवून मारलेल्या किकनंतरचं, वळण चुकतं ते यामुळेही. ग्रेडिंगच्या हॉलमध्ये आधी जाता येत असेल तर पूर्ण पूमसे करत बसू नका. फक्त किक, पाऊल, हात एवढाच तुकडा चारही दिशांना करून बघा आणि मॅट किती धरते ते समजून घ्या.